जॉन सेल कॉटमनवर प्रेझेंटेशन करताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी इंग्लिश वॉटरकलरचा टॉपिक आला की निम्मा वर्ग टर्नर घेतो, उरलेला कॉन्स्टेबल, आणि मग एखादाच ग्रुप म्हणतो की आम्हाला कोणीतरी वेगळा द्या. त्यांना मी कॉटमन सुचवते. त्यानंतर जे प्रश्न येतात ते बहुतेक तेच असतात, म्हणून सगळे इथे एकत्र लिहून ठेवलेत.

कॉटमन नक्की कोण? दोन मिनिटांत सांगा.

जॉन सेल कॉटमन, जन्म 1782, इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉरिच शहरात. वडील आधी केस कापायचा धंदा करायचे, नंतर कापड-फितीचं दुकान. सोळाव्या वर्षी पोरगा चित्रकार व्हायला लंडनला गेला. तिथे डॉ. मन्रो नावाचे एक डॉक्टर होते, ते संध्याकाळी तरुण चित्रकारांना घरी बोलवायचे आणि आपल्या संग्रहातली चित्रं कॉपी करायला द्यायचे. टर्नर आणि गर्टिन याच घरात शिकून गेले होते, कॉटमन त्यांच्या मागून आला. 1800 साली, म्हणजे अठराव्या वर्षीच, रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात त्याची चित्रं लागली. मग वेल्स आणि यॉर्कशरचे दौरे, 1806 ला परत नॉरिच, 1812 ला जवळचं समुद्रकाठचं यार्मथ, 1823 ला पुन्हा नॉरिच, 1834 पासून लंडनच्या किंग्ज कॉलेज स्कूलमध्ये ड्रॉइंग मास्तर, आणि 1842 ला मृत्यू. झालं, स्लाइडवर याच्यापेक्षा जास्त चरित्र नको. खरंच नको. माझा आग्रह आहे की पंधरा मिनिटांतली निदान आठ मिनिटं एकाच चित्रासाठी ठेवा, ते का ते खाली येईलच.

इतका चांगला होता तर नाव का ऐकलं नाही?

एक म्हणजे तो लंडनमध्ये टिकून राहिला नाही. नाव व्हायचं तर लंडनमध्ये राहायला लागायचं, आणि हा चोविसाव्या वर्षी आपल्या गावी परतला. दुसरं म्हणजे त्याची जी चित्रं आज आपण सर्वोत्तम मानतो ती तेव्हाच्या गिऱ्हाइकांना आवडण्यासारखी नव्हती, त्यात डिटेल कमी, गोष्ट नाही, नाट्य नाही. लोकांना वादळ, अवशेष, सूर्यास्त हवे होते. तिसरं म्हणजे पोटापाण्यासाठी त्याची कित्येक वर्षं शिकवण्यात आणि जुन्या इमारतींच्या एचिंगमध्ये (धातूच्या पत्र्यावर ॲसिडने रेषा कोरून काढलेली छापचित्रं) गेली.

नंतर मात्र दिवस पालटले. 1888 ला लंडनच्या बर्लिंग्टन फाइन आर्ट्स क्लबात त्याचं प्रदर्शन झालं, 1902 ला नॉरिचच्या जेम्स रीव्ह यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमने घेतला आणि त्यातून त्याची 1805 च्या आसपासची चित्रं लोकांसमोर आली, 1922 ला टेट गॅलरीत मोठं प्रदर्शन झालं. विसाव्या शतकातल्या लोकांनी तोपर्यंत आधुनिक चित्रकला पाहिलेली होती, त्यामुळे सपाट आकारांनी चित्र बांधणारा हा माणूस त्यांना एकदम जवळचा वाटला. म्हणजे मेल्यावर साठ-ऐंशी वर्षांनी त्याला त्याचा प्रेक्षक मिळाला. हा भाग प्रेझेंटेशनमध्ये नक्की घ्या, वर्ग ऐकतो.

एकच चित्र घ्यायचं तर कोणतं?

'ग्रेटा ब्रिज'. साधारण 1805 चं, ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दुसरं नाव माझ्या तोंडात येतच नाही.

ग्रेटा ही उत्तर इंग्लंडमधली छोटी नदी. तिच्यावर जॉन कार या वास्तुशिल्पीने 1773 च्या सुमाराला एका कमानीचा दगडी पूल बांधला. कॉटमन 1805 च्या उन्हाळ्यात जवळच्या रोकबी इस्टेटवर मॉरिट कुटुंबाकडे पाहुणा होता, आणि नंतर पुलाजवळच्या खानावळीत राहून काम करत होता.

आता चित्र बघा, आणि वर्गालाही बघायला लावा, बोलायची घाई नको. मधोमध पुलाची फिकट कमान. पुलाच्या टोकाला घर. मागे झाडं, पण एकाही झाडाला पान नाही, नुसते गोलसर गडद हिरवे-तपकिरी आकार एकमेकांना चिकटून बसलेले. खाली पाणी, त्यात पुलाची सावली, आणि अगदी पुढे मोठे दगड. तेवढंच आहे. गोधडीत कापडाचे तुकडे एकाशेजारी एक बसवतात तसे रंगाचे तुकडे बसवलेत, आणि प्रत्येक तुकड्याची कड स्वच्छ. दगडांवर खडबडीतपणा दाखवलेला नाही तरी ते जड वाटतात. पाण्यावर लाटा काढलेल्या नाहीत तरी ते पाणीच वाटतं, कारण पुलाचा फिकट रंग खाली किंचित बदलून पुन्हा आलाय. हे कुणी तेवीस वर्षांच्या मुलाने केलंय हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरं पण मान वर करतात.

आणखी एक, चित्राची साइज सुमारे 23 बाय 33 सेंटिमीटर आहे, म्हणजे A4 पेक्षा जेमतेम मोठं. प्रोजेक्टरवर ते भिंतीएवढं होतं आणि सगळ्यांना वाटतं की मोठं पेंटिंग असेल. म्हणून चांगल्या कागदावर A4 कलर प्रिंट काढा, तीन-चार कॉपी, आणि वर्गात फिरवा. प्रोजेक्टरचा भरवसा तसाही नसतो, हिरवा पिवळट करून टाकतो, आणि इथे तर सगळा खेळच त्या दबलेल्या हिरव्याचा आहे.

या चित्राच्या दोन वेगळ्या इमेज मिळाल्या. कोणती खरी?

दोन्ही. 1810 ला त्याने तोच विषय पुन्हा मोठ्या आकारात केला, तो नॉरिच कॅसल म्युझियममध्ये आहे. दोन्ही एकाच स्लाइडवर शेजारी लावा आणि पाच वर्षांत काय बदललं ते वर्गालाच विचारा, तुमचं तीन मिनिटांचं काम ते करतील. फक्त कुठली कुठल्या म्युझियमची ते खाली नीट लिहा, ग्रुप इथेच गोंधळ घालतात.

टेक्निक कसं समजावायचं? आमच्या वर्गात सगळेच पेंटिंगवाले नाहीत.

करून दाखवा, बोलून नाही समजत. ट्रान्सपरंट वॉटरकलरमध्ये पांढरा रंग वापरत नाहीत, कागदाचा पांढराच पांढरा. त्यामुळे उजेड कुठे ठेवायचा हे पहिला ब्रश लावायच्या आधी ठरवावं लागतं. कॉटमन पेन्सिलने हलकी पण नेमकी रेषा काढून घ्यायचा, मग फिकट वॉश, म्हणजे पाण्याने पातळ केलेल्या रंगाचा सपाट थर, तो पूर्ण वाळला की त्याच्यावर दुसरा, आणि मोजक्या थरांत थांबायचा. घासणं नाही, परत परत लावणं नाही. कड स्वच्छ येते ती खालचा थर कोरडा असल्यामुळे.

डेमोसाठी अगदी साधं करा. जाड कागद घ्या, निदान 300 जीएसएम, कॅम्लिनच्या ट्यूब चालतील, महागाचं काही लागत नाही. एक कमान आणि तिच्यामागे दोन झाडं. पहिला फिकट वॉश घरूनच मारून वाळवून आणा, दुसरा वर्गात मारा, आणि ज्याच्यावर तिसरा थर द्यायचाय तो कागद वेगळा तयार ठेवा, कारण पावसाळ्यात इकडे वॉश वाळायला जो वेळ लागतो तेवढ्यात तुमची पंधरा मिनिटं संपतात. हेअर ड्रायर आणणार असाल तर वर्गातला प्लग चालू आहे ना ते आधी बघून या. आणि मुद्दाम एक कागद बिघडवून दाखवा, ओल्या थरावरच दुसरा रंग लावा, कड कशी फुटते ते दिसलं की कॉटमनने काय सांभाळलं हे शब्दांशिवाय कळतं.

तो जागेवर बसून रंगवायचा का?

जागेवर स्केच, रंग बऱ्याचदा नंतर खोलीत. त्यामुळे चित्रातला नीटनेटकेपणा हा निसर्गाचा नाही, त्याचा आहे, काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते त्याने ठरवलंय. प्रेझेंटेशनमध्ये मला सगळ्यात जास्त ऐकायचं असतं ते हेच, की त्याने काय गाळलं.

हे जपानी प्रिंटसारखं दिसतं. जपानी प्रभाव म्हणू का?

नाही. हे दरवेळी कोणीतरी म्हणतंच, आणि दिसतं तसं हे मलाही मान्य आहे, सपाट रंग, स्वच्छ कडा. पण तारखा बघा ना. ग्रेटा ब्रिज 1805. जपानी चित्रकार होकुसाईची प्रसिद्ध लाट 1831 च्या आसपासची, आणि युरोपात जपानी प्रिंटची लाट आली ती त्यानंतरही दोन-तीन दशकांनी. साम्य आहे असं जरूर म्हणा, प्रभाव म्हणू नका. नुसता हा फरक नीट सांगितला तरी एक्झामिनर खूश होतात.

सगळे चित्रकार वेल्स आणि यॉर्कशरलाच का जायचे?

कारण फ्रान्सशी युद्ध चालू होतं. 1793 पासून 1815 पर्यंत मधला थोडा काळ सोडला तर इंग्लिश माणसाला युरोपात मोकळेपणाने फिरता येत नव्हतं. इटली, स्वित्झर्लंड बंद, मग आपल्याच देशातले डोंगर, पडके मठ आणि नद्या बघायचं वेड लागलं. कॉटमन 1800 आणि 1802 ला वेल्सला गेला, 1803 ते 1805 तिन्ही उन्हाळे यॉर्कशरला. ब्रँड्स्बीला चोमली कुटुंब होतं, त्यांच्याकडे राहायचा, घरातल्या बायका-मुलींना चित्रकला शिकवायचा आणि आसपास फिरून काम करायचा. फ्रान्समधल्या नॉर्मंडीला तो गेला ते थेट 1817 ला, युद्ध संपल्यावर. नकाशाची एक स्लाइड करा, त्यात हे सगळं आपोआप बसतं.

डॉसन टर्नर म्हणजे तोच टर्नर ना?

अजिबात नाही. चित्रकार टर्नर वेगळे, जे. एम. डब्ल्यू. टर्नर. डॉसन टर्नर हे यार्मथचे बँकर, वनस्पतिशास्त्राचे आणि जुन्या वास्तूंचे अभ्यासक. कॉटमन यार्मथला गेला तो त्यांच्याच आधाराने. त्यांच्या बायको-मुलींना तो शिकवायचा, आणि त्यांच्या आवडीमुळे नॉरफॉकच्या आणि मग नॉर्मंडीच्या जुन्या इमारतींची एचिंग्ज करत राहिला. नॉर्मंडीचं पुस्तक 1822 ला निघालं, 100 प्लेट, मजकूर डॉसन टर्नर यांचा.

यावर अभ्यासकांमध्ये दोन मतं असतात, डॉसन टर्नरमुळे कॉटमनचं कुटुंब तरलं की त्यांच्यामुळे त्याचं रंगवणं सुटलं. मला दोन्ही खरं वाटतं. कॉटमनचं 1809 ला लग्न झालं होतं, घरात मुलं येत होती, आणि नियमित काम देणारा माणूस सोडून देण्यासारखी त्याची परिस्थिती नव्हती. एचिंग कमी दर्जाची आहेत असंही नाही, दगडाच्या कमानीवर उजेड कसा पडतो हे त्याला काळ्या रेषेतही दाखवता येत होतं. तुमच्यापैकी प्रिंटमेकिंगवाला कोणी असेल तर हा भाग त्यालाच द्या.

तो शिक्षक होता यावर वेगळी स्लाइड करावी का?

करा, आणि मनापासून करा. आपल्यातले अर्धे लोक उद्या क्लासेस घेणार आहेत, शाळेत शिकवणार आहेत. कॉटमनने 1809 ला नॉरिचमध्ये एक योजना काढली. वाचनालयात पुस्तकं मिळतात तशी त्याच्याकडे चित्रं घरी न्यायला मिळायची, वर्गणी भरायची, चित्र न्यायचं, कॉपी करायचं, परत आणून द्यायचं. सुमारे 600 चित्रं होती आणि त्यांना नंबर घातलेले होते. दोनशे वर्षांपूर्वीची ही आयडिया मला अजूनही भारी वाटते.

पुढे किंग्ज कॉलेज स्कूलमध्ये त्याच्या वर्गात एक मुलगा होता, दान्ते गॅब्रिएल रोझेटी, पुढे प्री-रॅफेलाइट या इंग्लिश चित्रकारांच्या गटातला मोठा चित्रकार. थोरला मुलगा माइल्स एडमंड मदतीला असायचा, आणि वडिलांनंतर ती नोकरी त्यालाच मिळाली. दुसरा मुलगा जॉन जोसेफ हाही चित्रकार.

नेटवर 'कॉटमन' म्हणून जे जे येतं ते सगळं वापरू का?

नको. वर सांगितलेल्या योजनेमुळेच हा घोळ आहे. शेकडो विद्यार्थ्यांनी त्याची चित्रं हुबेहूब कॉपी केली, मुलंही त्याच्यासारखंच काढायची, त्यामुळे नाव त्याचं आणि हात दुसऱ्याचा अशी चित्रं भरपूर फिरतात. वॉलपेपरच्या साइटवरून काही उचलू नका. ब्रिटिश म्युझियम, व्ही अँड ए (लंडनचं व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट म्युझियम), टेट, नॉरिच कॅसल, लीड्स आर्ट गॅलरी, अमेरिकेतलं येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट, यांच्या कलेक्शनच्या पानांवर जा. तिथे साल, माप, माध्यम सगळं असतं आणि ते जसंच्या तसं कॅप्शनमध्ये घ्यायचं. नावाच्या आधी 'अट्रिब्युटेड टू' (त्याचं असावं असा अंदाज) किंवा 'आफ्टर' (त्याच्या चित्रावरून दुसऱ्याने काढलेलं) लिहिलेलं असेल तर ते चित्र सोडा.

कॉपीराइटचं काय?

कॉटमन 1842 ला गेला, त्याच्या चित्रांवर आता कॉपीराइट नाही. पण म्युझियमने काढलेल्या फोटोला त्यांच्या स्वतःच्या अटी असू शकतात, त्या इमेजच्या खालीच लिहिलेल्या असतात. वर्गातल्या प्रेझेंटेशनला सहसा अडचण येत नाही, पण यूट्यूबवर टाकणार असाल तर वाचून घ्या.

ग्रेटा ब्रिजशिवाय अजून कोणती चित्रं घेऊ?

तीन पुरेत. 'चर्क ॲक्विडक्ट', व्ही अँड ए मधलं. इंजिनिअर टेलफर्डचा कालव्याचा पूल 1801 ला पूर्ण झाला होता, म्हणजे तेव्हाचं अगदी ताजं इंजिनिअरिंग, आणि कॉटमनने त्याच्या उंच कमानी रोमन वास्तूसारख्या शांत उभ्या केल्यात. दुसरं 'द ड्रॉप गेट, डंकम पार्क', ब्रिटिश म्युझियम. यात विषय म्हणजे ओढ्यावरचं एक लाकडी फाटक आणि आजूबाजूची झाडी, बस्स. एरवी कोणी त्याच्याकडे वळून बघितलं नसतं, आणि याने त्याच्या फळ्यांतून अख्खं चित्र उभं केलं. मला हे ग्रेटा ब्रिजइतकंच प्रिय आहे, पण वर्गाला ते पहिल्याच झटक्यात दाखवू नका, डोळा थोडा तयार झाल्यावर दाखवा. तिसरं 1830 नंतरचं कोणतंही एक.

1830 नंतरचं का? ती तर वेगळ्याच माणसाची वाटतात.

म्हणूनच. उतारवयात तो रंगात पिठाची किंवा तांदळाची पेज मिसळायला लागला, त्यामुळे रंग दाट आणि अर्धा अपारदर्शक होतो, ओला असताना ब्रशने खरवडता, सरकवता येतो. निळा आणि पिवळा एकदम भडक. तरुणपणीचा तो गप्प हिरवा कुठे दिसत नाही. शेवटच्या वर्षांची चित्रं म्हणजे उतरण, असं काही जण लिहितात, ते जसंच्या तसं कॉपी करू नका. पन्नाशी गाठलेला माणूस आपलं हातखंडा टेक्निक बाजूला ठेवून नवीन माध्यम शोधतोय, याला उतरण म्हणायला मी तयार नाही.

त्याच्या डिप्रेशनबद्दल बोलायचं का?

एक-दोन वाक्यं, आदराने. त्याच्या पत्रांतून खिन्नतेचे मोठे काळ दिसतात, पैशाची तंगी कायम होती, मुलगा जॉन जोसेफलाही तसाच त्रास होता. एवढं सांगा. त्यावरून चित्रांचा अर्थ लावायला जाऊ नका, गडद झाड म्हणजे उदास मन असं नसतं. त्यावर दुःखी संगीत तर अजिबात लावू नका, एका ग्रुपने लावलं होतं आणि सगळं प्रेझेंटेशन त्यात बुडालं.

महाराष्ट्राशी काही कनेक्शन दाखवता येईल का? मार्क जास्त मिळतात म्हणे.

कॉटमनचा आपल्याकडे थेट काही संबंध नाही, ओढूनताणून जोडू नका. एवढं म्हणता येईल की 1857 ला मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. स्कूलमध्ये ब्रिटिश पद्धतीचं शिक्षण आलं, आणि ट्रान्सपरंट वॉटरकलर आपल्या चित्रकारांनी इतकं आपलंसं केलं की सावळाराम हळदणकरांसारखी माणसं त्यात तयार झाली. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं त्यांचं समईवालं जलरंगातलं चित्र तुम्ही पाहिलंच असेल. थेट पुण्याशी संबंध असलेला ब्रिटिश चित्रकार हवा असेल तर जेम्स वेल्स आहे, सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांची चित्रं काढणारा, पण तो स्कॉटिश आणि मुख्यतः तैलचित्रांचा, म्हणजे टॉपिकच बदलतो.

पाच जणांत काम कसं वाटायचं?

चरित्र आणि नकाशा एकाला. ग्रेटा ब्रिज दोघांना, एक बोलेल आणि एक प्रिंट फिरवून प्रश्न घेईल. डेमो एकाला, ज्याचा हात स्थिर आहे त्याला, ज्याला जास्त बोलता येतं त्याला नाही. शिक्षक आणि नंतरची ओळख शेवटच्याला. आणि प्रत्येकाने सगळी स्क्रिप्ट वाचलेली पाहिजे, कोणीतरी आयत्या वेळी आजारी पडतंच.

'हा टर्नरपेक्षा मोठा आहे का' असं सरांनी विचारलं तर?

तुलनेत अडकू नका. टर्नर कडा विरघळवतो, उजेडात सगळं मिसळून जातं. कॉटमन कडा धरून ठेवतो आणि त्यातूनच जागा, वजन, उजेड उभं करतो. दोघं डॉ. मन्रोंच्या एकाच घरी शिकून गेले आणि दोन वेगळ्या दिशांना गेले. दोन चित्रं शेजारी लावून हे बोटाने दाखवा, उत्तर तिथेच मिळतं.

मूळ चित्र बघायला मिळेल का?

वॉटरकलर उजेडाने उडतात, 1888 मध्येच रसेल आणि ॲबनी या शास्त्रज्ञांनी यावर प्रयोग करून रिपोर्ट दिला होता, म्हणून म्युझियमं ही चित्रं अगदी मंद उजेडात, साधारण 50 लक्स, आणि थोडे दिवसच लावतात, बाकी वेळ पेटीत. त्यामुळे लंडनला जाऊन ग्रेटा ब्रिज भिंतीवर दिसेलच असं नाही. पण ब्रिटिश म्युझियमच्या प्रिंट्स अँड ड्रॉइंग्ज विभागाची स्टडी रूम आहे, आधी वेळ घेतली तर चित्र समोर टेबलावर आणून देतात. कोणाचा भाऊ-बहीण तिकडे शिकायला असेल तर त्यांना आत्ताच मेल करायला सांगा, आणि जवळून बघून फक्त एवढं कळवा म्हणावं, की पेन्सिलची रेषा रंगाखालून कुठे कुठे दिसते.